बावीस कलमं आणि एक बटण

पोळ्याची स्थानिक सुट्टी. सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. ठिकाण: यवतमाळच्या बाहेर, बाभुळगावच्या रस्त्यावरच्या बंद जिनिंगचं, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याचं आवार. हजर: मोटार मेकॅनिक विभागाचे सर; त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी; टर्नर विभागाचे मास्तर; जिनिंगचे चौकीदारभाऊ; मी; आणि सरांची पांढरी फियाट. गैरहजर: प्राचार्य. ते बैलांच्या पूजेला गावी गेले होते, लेखी परवानगी मात्र देऊन.

फियाटचं नाव हजेरीत सरांच्या आग्रहावरून आलं. "जिच्यासाठी जमलो तिलेच गैरहजर लावता का, बाई?" असं म्हणून त्यांनी ते मला लिहायला लावलं.

ही वही अजून माझ्याकडे आहे. निळं पुठ्ठ्याचं कव्हर, आत पेन्सिलने आखलेले रकाने. मी तेव्हा शहरातल्या एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत भांडारपाल होते. हातोड्या, पाने, बोल्ट, कॉटन वेस्ट, ग्रीसचे डबे हे सगळं माझ्या ताब्यात. सर निवृत्तीला आलेले आणि मी नोकरीला लागून सात महिने झालेली. आमची ओळख एका आग विझवायच्या नळकांड्यावरून झाली.

"बाई, ते लाल नळकांडं पाह्यजे. दोन दिवसांसाठी."

"कशाला, सर?"

"आग लागली तं इझवाले."

"पण आग लागणार कशाला?"

"लागू नाही म्हणूनच तं नेऊन राह्यलो."

मी नळकांड्याची चिठ्ठी उलटून पाहिली. भरण्याची मुदत उलटून गेली होती. "हे देता येणार नाही," मी म्हणाले. "याची मुदत संपली आहे."

सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तुमी पाहून सांगता का आठवून सांगता?"

"पाहून. ही बघा चिठ्ठी."

त्यांचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना नळकांडं नाकारलं नसून बक्षीस दिलं होतं. "तीस वर्षात," ते म्हणाले, "या खिडकीतून कोनं पाहून सांगतलं नोतं." आणि त्याच दुपारी येऊन त्यांनी मला ते काम दिलं, ज्याच्याबद्दल मी हे लिहिते आहे.

पाहून सांगता का आठवून सांगता, हा सरांचा प्रश्न सगळ्या संस्थेला पाठ होता. कारकून म्हणाला की फाइल कपाटात आहे, की हा प्रश्न. विद्यार्थी म्हणाला की चाकाचे नट आवळले, की हा प्रश्न. घरी वहिनी म्हणाल्या की गॅस बंद केला, तरी हाच. वहिनी पहिली काही वर्षं उठून पाहत, पुढे त्या न उठता "पाहून!" असं ओरडत. सरांना ते कळत असे, मग ते स्वतः उठून पाहत.

त्यांच्या कार्यशाळेच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा खिळ्याला टांगलेला असे. आत जाणाऱ्याने काडीपेटी, बिडी, सिगारेट, लायटर त्यात टाकायचं आणि मगच उंबरा ओलांडायचा. प्राचार्यांनाही सूट नव्हती. सरांचे वडील बोरी अरबकडच्या एका जिनिंगात ऑइल इंजिनवर कामाला होते. जिनिंगच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला आगीची भीती शिकवावी लागत नाही. कापसाच्या गंज्या लागलेल्या असत, त्यामुळे फाटकावरच काडीपेटी काढून ठेवायची रीत होती. सर म्हणत, "माह्या बापानं बावीस वर्षं बिडी पेली, पन फाटकाच्या बाहेर. येक दिवस चुकून खिशात काडीपेटी राह्यली तं अर्ध्या रस्त्यातून वापस गेलते. मुकादमानं नोतं पाह्यलं. तरी गेलते."

अशा माणसाला गाडीत नायट्रस, म्हणजे इंजिनाची ताकद क्षणभर वाढवणारा वायू, बसवण्याचं वेड लागावं, हे संस्थेत कुणालाच समजत नव्हतं.

ते वेड असं आलं. एका जिनिंगवाल्या शेठच्या मुलाने बाहेरून कुठून तरी जुना नायट्रसचा सगळा संच आणला आणि स्वतःच्या गाडीला घाईघाईत लावून घेतला. बटण दाबल्यावर गाडी पुढे उडी मारते एवढंच त्याला ठाऊक होतं. गाडीने उडी मारली, दुसऱ्या क्षणी आतून बंदुकीसारखा आवाज आला, आणि एका पिस्टनला पाच रुपयांच्या नाण्याएवढं भोक पडलं. मुलगा धडधाकट राहिला. पण त्याने सगळा संच पोत्यात भरून सरांच्या दाराशी आणून टाकला. "सर, हे घ्या. घरात नको मले."

सरांनी पोतं ठेवून घेतलं. भोक पडलेला पिस्टन त्यांनी वर्गात फळ्याच्या शेजारी टांगला.

मी एकदा विचारलं, "सर, हा वायू नेमकं करतो काय?"

"तुमी चुलीत फुंकणी मारली हाय का?"

"आमच्याकडे गॅस आहे."

"तं सासूच्या घरी मारली असन. फुंकणी मारली का भडका होते न? काहून? हवा गेली. इंजिनालेही हवाच पाह्यजे, पण ते आपल्या नाकानं घेईन तेवढीच घेते. हा वायू बाटलीत दाबून भरला हाय. इंजिनात जाऊन गरम झाला का त्यातला प्राणवायू सुटते. म्हंजे फुंकणी. पण चुलीत लाकूडच नसन आन तुमी फुंकत बसल्या तं? राख उडते, तोंड काळं होते. तसंच हे. फुंकणीसंग त्याच घडीले पेट्रोलचं लाकूडही जास्तीचं टाका लागते. त्या पोरानं टाकलं नाही. मंग उष्णता कुठं जाईन? पिस्टन खाल्लं तिनं."

"आणि तुम्ही टाकणार?"

"मी पेट्रोल आधी मोजीन, मंग वायू. ठिणगी थोडी उशिरा पाडीन. इंजिन जोरात फिरून राह्यलं असन तवाच सोडीन, रांगून राह्यलं असन तवा नाही. आन पहिल्यांदा चिमूटभर. भाजीत मीठ टाकतो तसं. मीठ मंग टाकता येते, काढता येत नाही."

ती कापसाची वाईट वर्षं होती. भाव पडलेले, खरेदी केंद्रं कधी चालू तर कधी बंद, एकेक जिनिंग कुलूप लावत होतं. आमच्याकडे प्रवेशाला येणाऱ्या मुलांची रांग वाढली होती, कारण घरची शेती सगळ्यांना पुरत नव्हती. संस्थेत चहाच्या वेळी जो तो गावाकडची काहीतरी बातमी आणायचा आणि ती चांगली नसायची. त्यात सरांच्या फियाटचा विषय निघाला की माणसं खुर्च्या पुढे ओढून बसत. बिनकामाची गोष्ट होती, म्हणूनच हवीशी होती.

सरांना काय हवं होतं ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही फळा पुसता पुसता, माझ्याकडे पाठ करून. "तीस वर्षं खडूनं इंजिन काढून राह्यलो, बाई. पोरायले सांगतो, हवा येवढी, पेट्रोल येवढं, ताकद येवढी. बाप माहा जलमभर इंजिनापाशी बसला. पण इंजिनाले पोटभर श्वास घेताना मी कवा पाह्यलं नाही. येकदा पाहाचं हाय. येकदाच. मंग खडू ठेवतो खाली."

त्यासाठी त्यांनी जुन्या फियाटचं इंजिन संपूर्ण उघडून बांधलं. संच धुऊन, तपासून, नव्या सीलांनी जोडला. आणि यादी केली. बावीस कलमं. ती एकेक मोठ्याने वाचण्याचं काम माझं. "सगळे 'हो' आले का मी बटण दाबीन. येकही 'नाही' आलं का तुमी 'रद्द' म्हना. मी रडलो तरी रद्द."

"प्राचार्य म्हणाले तरी?"

"प्राचार्य रडले तरी."

सार्वजनिक रस्त्यावर हा प्रकार करायचा नाही, ही पहिलीच अट होती. संच देणाऱ्या शेठच्या मुलाने आपलं जिनिंगचं आवार दिलं. फाटकापासून वजनकाट्यापर्यंत सरळ सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना मोकळं मैदान. गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाईपर्यंत चार-पाच सेकंद वायू सोडायचा, बंद करायचा, गाडी आपोआप मंदावू द्यायची. एवढाच सगळा सोहळा.

पहिला प्रयत्न संक्रांतीच्या आसपास झाला. त्या हंगामात शेठने काही दिवस जिनिंग चालवलं होतं आणि कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. सर गाडीतून उतरले, त्यांनी तळहात हवेत धरला, हातावर पांढरं भुरभुर बसलेलं पाहिलं आणि मी काही वाचायच्या आतच म्हणाले, "रद्द." आम्ही चहा पिऊन परत आलो.

दुसरा प्रयत्न मे महिन्यात. त्याआधीचा सगळा उन्हाळा हा बाटलीचा उन्हाळा होता.

ही बाटली म्हणजे निळा लोखंडी सिलिंडर, साधारण कमरेपर्यंत उंच. नागपूरहून संस्थेच्या पत्रावर भरून आणलेला. वायू आत द्रवरूपात असतो आणि तापमान वाढलं की दाब चढतो. सरांच्या म्हणण्याप्रमाणे साडेछत्तीस अंशांच्या वर तो द्रव म्हणून उरतच नाही, आणि मग कलमांमधली सगळी मापं चुकतात. यवतमाळच्या मे महिन्यात साडेछत्तीस म्हणजे पहाट. कार्यशाळेवर पत्रा, म्हणजे भट्टीच. म्हणून सरांनी बाटली घरी नेली. घरात मात्र नाही. हा भूल द्यायचा वायू, बंद खोलीत गळला तर माणूस हसत हसत झोपेल आणि उठणारच नाही, म्हणून चारही बाजूंनी मोकळ्या पडवीत, खांबाला साखळीने बांधून, सावलीत. आणि तिच्यापुढे घरातला एकुलता एक कूलर.

"माणसायले पंखा," वहिनी आल्यागेल्याला सांगत, "आन बाटलीले कूलर. असा नवरा पाह्यला का कुठं?"

सरांनी बाटलीला थर्मामीटर बांधला होता. दिवसातून चारदा पाहून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. शेजारणीने ते आकडे वाचले.

"वहिनी, कोनाले ताप हाय वो? छत्तीस, सदतीस, साडेअडतीस..."

"कोनाले नाही. बाटलीले."

"कोन्या बाटलीले?"

वहिनींनी पडवीकडे बोट दाखवलं. पण शेजारीण तोवर निघाली होती. आठ दिवसांत बातमी संस्थेत पोचली की सर घरी बाटली ठेवतात, तीही कूलरपुढे. प्राचार्यांनी त्यांना दार लावून बोलावलं. मी बाहेर सह्यांची फाइल घेऊन उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"किती दिवसांपासून?" प्राचार्य हळू आवाजात म्हणाले.

"होळीपासून, सर."

"रोज?"

"रोज पाहाच लागते. ऊन वाढलं तवापासून तं दिवसातून चारदा."

"घरच्यांचा तरी विचार करा."

"त्यायचा कूलरच नेला न, सर. त्याहून जास्त काय करू?"

उलगडा व्हायला दहा मिनिटं लागली. प्राचार्य बाहेर आले ते डोळे पुसत, हसून हसून. पुढची सगळी लेखी परवानगी त्या हसण्यातून मिळाली असं माझं मत आहे.

मे महिन्यात गाडी आवारात पोचेपर्यंत बाटली एक्केचाळीस अंशांवर गेली होती. ओली पोती गुंडाळून तासभर थांबलो. एकोणचाळीस. टर्नरचे मास्तर छत्री धरून उभे होते. "सर, थोडं हिकडं-तिकडं चालते न जी."

"चालते," सर म्हणाले. "शेठच्या पोराचं चाललंच तं." आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "रद्द." तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा एका ज्येष्ठ माणसाला तोंडावर म्हटला. सरांनी मान डोलावली आणि बाटली घरी कूलरपुढे परत गेली.

मग पाऊस झाला, हवा निवली, आणि पोळा ठरला. याहून उशीर चालणार नव्हता. सर त्याच महिन्याअखेर निवृत्त होत होते. त्यानंतर संस्थेचं पत्र नाही, म्हणजे वायू नाही. शेठने जिनिंगची यंत्रं विकली होती आणि सोमवारपासून ती कापून न्यायला गॅस कटरवाले येणार होते. त्यानंतर आवार नाही. सार्वजनिक रस्ता तर सरांच्या स्वप्नातही नव्हता. म्हणजे पोळ्याची सकाळ, नाहीतर कधीच नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चौकीदारभाऊंनाही. त्यांनी पहाटे उठून सगळा रस्ता झाडून काढला होता, एक खडा दिसेना.

सर नवा शर्ट घालून आले होते. वहिनींनी पैठणी नव्हे, पण ठेवणीतली हिरवी साडी नेसली होती. गाडी कालच तयार करून, बाटली डिक्कीत घट्ट पट्ट्यांनी बसवून आणि नळीला जोडून, सरांच्या घरासमोर उभी होती; सकाळी तशीच इथवर चालवत आणलेली. बाटलीची चावी, म्हणजे तोंडावरचा व्हॉल्व्ह, बंद. ती मी सतरावं कलम वाचल्यावरच उघडायची होती.

मी वाचायला लागले. सर स्टिअरिंगवर, हात मांडीवर, परीक्षेला बसल्यासारखे.

"रस्ता बंद, माणसं मागे?"

"हो," फाटकावरून चौकीदारभाऊ ओरडले.

"नळकांडं भरलेलं, मुदतीत?"

"हो!" हे टर्नरचे मास्तर. ते नळकांडं मी स्वतः भरून आणलं होतं.

"बाटलीचं तापमान?"

"तीस."

"सेफ्टीची नळी गाडीच्या बाहेर?"

"हो."

पेट्रोलचा दाब, ठिणगीची वेळ, प्लग, मुख्य बटण बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय वायू सुटणार नाही अशी सोय, सगळ्यांना होकार. मी पेन्सिलने खुणा करत होते. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"कलम सोळा. बाटलीच्या तोंडाशी, जोडणीवर तेल, तूप, वंगण, ग्रीस काही नाही?"

"काही नाही," सर म्हणाले. "कोरडी ठन."

ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे पाहत होते. त्या एका क्षणी मला जाणवलं की डिक्की त्यांच्या पाठीमागे आहे.

"सर," मी म्हणाले, "पाहून सांगता की आठवून सांगता?"

टर्नरचे मास्तर खो खो हसले. सर हसले नाहीत. दार उघडून उतरले. आम्ही दोघे डिक्कीपाशी गेलो.

बाटलीच्या उतरत्या गळ्यावर पिवळसर तुकतुकी होती. वरवर कुणीतरी पुसून घेतलेली, पण जोडणीच्या पेचात, चावीच्या बुडाशी, पिवळी ओळ साफ दिसत होती. मधोमध कुंकवाचं बोट.

माझ्या हातात पेन्सिल होती. मी गप्प राहिले असते तर कदाचित काहीच झालं नसतं. सरांना त्यांची सकाळ मिळाली असती. आणि कदाचित चावी उघडताक्षणीच डिक्कीत भडका झाला असता. दाबाखालच्या असल्या वायूपाशी तेला-तुपाचा थर म्हणजे काय, हे सरांनीच मला शिकवलं होतं.

"रद्द," मी म्हणाले.

सरांनी वाकून वास घेतला. "लोनी हाय," ते म्हणाले. "घरचं."

"मीच लावलं," मागून वहिनी म्हणाल्या.

आदल्या दिवशी संध्याकाळी आपल्याकडे बैलांचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. वहिनी महागावकडच्या शेतकरी घरातल्या. सरांच्या घरी कधी बैल नव्हता. मातीच्या बैलांवर त्यांनी ती हौस भागवली होती.

"तीस वर्षं मातीच्या बैलाचे खांदे मळून राह्यली," वहिनी म्हणाल्या. "औंदा वाटलं, उद्या खरं वढनार हे हाय. तं याचेच मळू. हळद लावली, लोनी लावलं, कुंकू लावलं, उद्या जेवाले या म्हटलं. मंग हाताले लागू नाही म्हनून पुसूनही घेतलं."

"अवो, पन याले तेला-तुपाचा हात लागू द्याचा नसते!"

"हे मले कवा सांगतलं?" वहिनींचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "बाईले सांगतलं. मास्तरले सांगतलं. त्या चौकीदारभाऊले सांगतलं, थो तं औंदा पह्यल्यांदा भेटला. उन्हाळाभर माहा कूलर नेला, मी काही म्हटलं नाही. त्याचा ताप लिवला, मी काही म्हटलं नाही. ते माह्या पडवीत राह्यलं, मी त्याच्या भवताल झाडलं. आन मले काय सांगतलं? 'हात लावू नको.' काहून लावू नको, ते सांगतलं का कवा?"

टर्नरच्या मास्तरांना एकदम फाटकाचा कडीकोयंडा तपासायची आठवण झाली.

सर डिक्कीच्या काठावर बसले. मग म्हणाले, "नाही सांगतलं."

"पुसा न जी," मास्तर फाटकाजवळून म्हणाले. "पेट्रोलच्या फडक्यानं पुसा आन होऊन जाऊ द्या. सोमवारी इथं कटरवाले येऊन राह्यले."

"बाहेरचं पुसलं जाते, मास्तर. पेचातलं आत बसते. बाटली रिकामी करा लागन, चावी खोला लागन, धुवा लागन, सुकवा लागन, नवं सील टाका लागन, मंग नागपूर. इथं फडकं मारून मी बटण दाबलं तं तीस वर्षं मी पोरायले काय शिकवलं?"

त्यांनी माझ्यापुढे हात केला. मला वाटलं वही मागत आहेत. त्यांना पेन्सिल हवी होती. यादीच्या खाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "कलम तेवीस. बाटली ज्याच्या घरात राहते त्याला कारणासकट सांगितलं का?" मग विचार केला, खोडलं, आणि यादीच्या वरच्या मोकळ्या जागेत, पहिल्या कलमाच्याही आधी, तेच परत लिहिलं.

"तुमची चूक नाही," ते वहिनींना म्हणाले. "यादीतच भोक होतं."

वहिनी म्हणाल्या, "मले माहीत हाय माही चूक नाही. पोळ्या थंड होऊन राह्यल्या."

चटई वडाखाली अंथरली. पुरणपोळी, कढी, भजी. पोळीवरच्या तुपाची वाटी सरांनी स्वतः उचलून डिक्कीपासून दहा पावलं लांब नेऊन ठेवली, आणि तेव्हा कुठे वहिनी हसल्या. चौकीदारभाऊंनी सात पोळ्या खाल्ल्या. जेवल्यावर सरांनी साध्या पेट्रोलवर, नायट्रसशिवाय, फाटकापासून वजनकाट्यापर्यंत एक फेरी मारली. शेजारी वहिनी. परत येताना वहिनी काहीतरी विचारत होत्या आणि सर गिअरच्या दांड्यावर हात ठेवून सांगत होते. मास्तर म्हणाले, "सांगून राह्यला पाहा. आता थांबाचा नाही."

खरंच थांबले नाहीत. सोमवारी कटरवाले आले, महिनाअखेर सरांना शाल-श्रीफळ मिळालं, वायू त्यांनी मोकळ्या शेतात वाऱ्याच्या दिशेने, हळूहळू, पद्धतशीर सोडून दिला. आणि रिकाम्या झालेल्या दुपारी वहिनींना इंजिन शिकवायला घेतलं. आधी चूल-फुंकणी, मग कार्ब्युरेटर, मग गाडी. वहिनींना पहिल्याच परीक्षेत परवाना मिळाला. परीक्षकाने विचारलं की आरसा पाहिला का, तर त्या म्हणाल्या, "पाहून सांगते," आणि पाहून सांगितलं.

आता सर पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन झालं आहे, डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली आहे. फियाट चालते. भाजीला, दवाखान्याला, लग्नाला वहिनी चालवतात, सर शेजारी बसून तापमानाचा काटा वाचतात. आणि राहून गेलेल्या त्या प्रयोगाची तयारी पुन्हा चालू आहे. सील नवी आहेत. बाटलीची दाबचाचणी मी नागपूरहून करून आणली. वायूसाठी लागणारं पत्र आता टर्नरच्या मास्तरांचा जावई देणार आहे. त्याची स्वतःची नोंदणीकृत कार्यशाळा आहे. मास्तर नळकांडं धरायला तयार आहेत, बसून धरतील म्हणाले.

गेल्या रविवारी मी यादी स्वच्छ उतरवून त्यांच्याकडे नेली. सगळ्यात वरचं कलम वाचलं: बाटली ज्याच्या घरात राहते त्याला कारणासकट सांगितलं का?

"चालवनार मीच हाय," वहिनी म्हणाल्या. "आता कोनं कोनाले सांगाचं?"

"बटण?" मी विचारलं.

सर आणि वहिनी एकमेकांकडे पाहायला लागले. शेवटी असं ठरलं की पाय वहिनींचा, बोट सरांचं. ते मी तसंच लिहून घेतलं.

जागाही बघितली आहे. जिल्ह्यातल्या एका बंद सूतगिरणीच्या आत लांब, सरळ रस्ता आहे. दोन्ही बाजूंना मोकळं, गवत कापावं लागेल एवढंच. परवानगी अवसायकांच्या, म्हणजे बंद गिरणीचा कारभार मिटवणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, कार्यालयातून घ्यायची. अर्ज तयार आहे. सरांची सही, वहिनींची सही, माझी सही, सोबत यादीची प्रत. तो समक्ष नेऊन देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची आहे. पिशवीत घालून ठेवला आहे. अजून दिलेला नाही.